साफेबगरपर्यंत

वीजबिलाच्या पाठीवर मी रकाने आखले :
विमान, थेट बस, झेलम.
खाली तास, पैसे, हाल.

छत्तीस वर्षं स्वारगेट डेपोत
वेळापत्रकं लावली मी.
कात्रजची शेवटची गाडी किती वाजता वळते
हे झोपेतून उठवून विचारा, सांगेन.
आता कोणी विचारत नाही.
गगन बोहराने विचारलं, म्हणून पट्टी शोधली.

धनकवडीतल्या आमच्या सोसायटीचा हा रखवालदार.
त्याची आई आलेली, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढायला.
आता तिला घरी न्यायचं :
अछाम जिल्हा, साफेबगर,
आणि तिथून वर दीड तासाची चढण.

'विमान,' मी म्हटलं. 'पुणे-दिल्ली, दिल्ली-काठमांडू.
संध्याकाळच्या आत नेपाळात!'
तो हसला. 'नेपाळात, हो काका.
पण काठमांडूहून घर अजून दीड दिवस,
उलट मागे यायचं.
आम्हाला दिल्लीच जवळ पडते.'
विमानावर काट मारली.
हौसेने सगळ्यात वर लिहिलं होतं.

थेट बस, कात्रजहून सुटते म्हणे.
सामान टपावर, मोजत नाहीत :
पाच लिटरचा कुकर, दोन ब्लँकेटं, शिलाई मशीनचं मुंडकं.
पण बस म्हटल्याबरोबर
पायरीवर बसलेल्या आमाने
काळ्या चष्म्याखाली पदर तोंडाला लावला.
तीही काट.

उरली झेलम. दिल्लीपर्यंत एक रात्र, एक दिवस,
खालचा बर्थ मिळाला तर.
मग आनंद विहारहून बस (ती कुठे चुकते),
बनबसा, पहाटे बंधाऱ्यावरून टांगा,
अलीकडे शारदा, पलीकडे महाकाली, पाणी तेच.
मग पुन्हा बस, घाट, दर चार तासांनी डोळ्यांत थेंब.
हालांचा रकाना भरला,
तेव्हा बिल उलटून
थकबाकीच्या आकड्यांवरूनच लिहीत गेलो.

आमा काहीतरी बोलली.
'म्हणते, येताना खिडकीशी बसून नुसता धूर दिसला.
आता नदी आली की उठव.'
'कुठली नदी?'
त्याने तिला विचारलं.
'सगळ्या.'

भीमा, गोदावरी, तापी,
नर्मदा उजाडताना, गाडी वेळेवर असली तर,
बेतवा, चंबळ, यमुना.
आजवर गाड्यांच्या वेळा लावल्या.
नद्यांच्या पहिल्यांदाच.

'एक राहिलं, काका,' जाता जाता तो म्हणाला,
'पूल ओलांडला की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे.'

मी केबिनमधल्या घड्याळाकडे पाहिलं.
नऊ वर्षं ते पंधरा मिनिटं पुढे.
नऊ वर्षं मी स्टुलावर चढून ते मागे करत आलो,
वर त्यालाच ऐकवायचो : वेळ म्हणजे वेळ, गगन.
'हो काका,' म्हणायचा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे.

पाचव्या दिवशी फोन आला. पोचले.
'नर्मदा पाहिली का रे तिने?'
'झोपली होती.'
'चंबळ?'
'उठवलं, पण उठलीच नाही.
भुसावळला मात्र आपणहून जागी झाली, मध्यरात्री.
फलाटावर दिव्याखाली केळ्यांचे घड होते,
गाडी हलेपर्यंत बघत राहिली.
पिवळं, म्हणाली. किती पिवळं.'

भुसावळ मी रकान्यात धरलंच नव्हतं.

खाली उतरलो तर बदलीवरचा पोरगा
स्टूल लावून उभा.
'काका, हे पुढे पळतंय. नीट करू?'
म्हटलं, राहू दे.
डेपोतलं कोणी ऐकायला नव्हतं,
तेवढं एक बरं झालं.